बांधावरची बाभूळ, बंबाचा धूर आणि आत्याचा खोकला

वळवाचा पहिला पाऊस वाऱ्यासकट आला, त्या रात्री डाळजला आमच्या आत्याच्या बांधावरची जुनी बाभूळ पडली. सकाळी आतेभावाचा फोन आला. आवाजात हळहळ होती, पण हिशोब जास्त होता. "वर्षभराचं सरपण झालं बघ," तो म्हणाला. फोनमधून मागे आत्या खोकत असल्याचं ऐकू येत होतं. जन्मात विडी न ओढलेल्या या बाईला दोन वर्षांपूर्वी बारामतीच्या छातीच्या डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा आजार असल्याचं सांगितलं. घरात गॅस आहे. तरीही आंघोळीचं पाणी बंबावर, सणाचं पुरण चुलीवर आणि भाकरी तर चुलीवरचीच. त्यामुळे फुकट मिळालेल्या या झाडाचं काय करायचं, हा प्रश्न घरात वाटतो तितका साधा नव्हता.

पुणे–सोलापूर महामार्गावर भिगवण सोडून इंदापूरकडे निघालं की डाळज लागतं. उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं आणि हा कोरडवाहू पट्टा फुगवट्याच्या काठावर आला. पाऊस मात्र पर्जन्यछायेतलाच राहिला, वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर. पाऊस थोडा आणि पाणी भरपूर, असा हा उलटा हिशोब. जिथे ज्वारी होती तिथे ऊस आला, आणि उसासाठी बांधाबांधाने पाइपलाइनचे चर खोदले गेले. आत्याची बाभूळ पडली त्याचं मूळ कारण मला तिथेच दिसलं. तीन वर्षांपूर्वी बुंध्यापासून हातभर अंतरावरून जेसीबीने चर काढला होता. उपटून वर आलेल्या गड्ड्याची त्या बाजूची मुळं सरळ रेषेत कापलेली होती आणि टोकं काळी पडून कुजली होती. बाभळीचं सोटमूळ खोल जातं, पण वाऱ्यात झाडाला धरून ठेवण्याचं निम्मं काम आडव्या मुळांचं असतं. तंबूचे एका बाजूचे दोर कापावेत तसं झालं. काळी माती कोरडी असताना दगडासारखी घट्ट असते, भिजली की लोण्यासारखी. पहिल्याच पावसात ती भिजली, वारा आला आणि झाड गेलं.

दुपारी कटर मशीनवाला आला. पडलेलं झाड तोडणं उभं झाड तोडण्यापेक्षा सोपं, अशी सगळ्यांची समजूत असते. प्रत्यक्षात उलटं आहे. उभं झाड कुठे पडणार याचा निदान अंदाज करता येतो. पडलेल्या झाडात ताण कुठे साठला आहे ते दिसत नाही. मशीनवाल्याने बुंधा मुळापासून पाच-सहा फुटांवर कापला आणि तो मातीने भरलेला मुळांचा प्रचंड गड्डा खाडकन उलटा फिरून आपल्या खड्ड्यात जाऊन बसला. खोडाच्या वजनाने तो उभा तोलला गेला होता, वजन गेलं आणि तो परतला. दहा मिनिटांपूर्वी त्याच खड्ड्यात आतेभावाचा मुलगा दोन मित्रांबरोबर गांडुळं शोधत होता. आत्याने त्यांना चहासाठी हाक मारली होती, एवढंच.

म्हणून ही माहिती कुऱ्हाड हातात घेण्याआधीची. मुळांच्या खड्ड्यात आणि गड्ड्याच्या मागे कुणीही उभं राहू नये, लहान मुलं तर नाहीच. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं आणि मधे अधांतरी असेल, तर त्याची वरची बाजू दबलेली आणि खालची ताणलेली असते. अशा वेळी आधी वरून खोडाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत काप घ्यायचा आणि मग खालून पूर्ण करायचा. सरळ वरून कापत गेलं की काप मिटतो आणि पातं अडकतं. एकच टोक टेकलेलं, दुसरं हवेत असेल तर गणित उलटं: वर ताण, खाली दाब. तिथे आधी खालून थोडं, मग वरून. वाकून जमिनीत रुतलेली फांदी तर धनुष्यासारखी असते. ती एकदम तोडली की तोंडावर येते. आणि झाडाखाली किंवा झाडात विजेची तार असेल तर महावितरणने पुरवठा बंद केल्याची खात्री होईपर्यंत हातही लावायचा नाही. तार शांत पडली आहे म्हणजे ती मेलेली आहे असं नसतं.

बाभळीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, काटा. हाताला, पायाला दोन-चार काटे लागल्याशिवाय बाभूळ तुटत नाही, आणि शेतकरी त्याला जखम समजत नाही. पण खोल आणि अरुंद जखम, तीही शेणामातीच्या जागी, ही धनुर्वाताच्या जंतूंना हवी तशी जागा. ते हवेशिवाय वाढतात. लहानपणी लशी झाल्या असल्या तरी शेवटचं इंजेक्शन दहा वर्षांपूर्वीचं असेल तर ते पुन्हा घ्यायला हवं. जखम खोल आणि मळलेली असेल तर पाच वर्षांनंतरच. काट्याचं टोक बोटाच्या किंवा गुडघ्याच्या सांध्याजवळ मोडून आत राहिलं तर तो सांधा कित्येक आठवडे सुजलेला राहतो. सुईने कोरत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडे गेलेलं बरं.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो, कारण लोक इथे हमखास चुकतात. रस्त्याच्या कडेचं झाड पडलं म्हणून ते गावाचं होत नाही. ते सरकारचंच असतं. स्वतःच्या रानातल्या झाडांनाही राज्याचा १९६४ चा वृक्षतोडीचं नियमन करणारा कायदा लागू होतो. आंबा, चिंच, जांभूळ यांसारखी झाडं त्याच्या अनुसूचीत आहेत. बाभळीचं प्रकरण सोपं असलं तरी लाकूड विकायला गावाबाहेर न्यायचं असेल तर आधी वन परिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावं. आतेभावाने तलाठ्याला फोन केला, फोटो पाठवले आणि मगच मशीन बोलावलं.

त्याआधी आत्याने फांद्यांत घरटी आहेत का ते पाहायला लावलं. तिची ही सवय या भागाचीच म्हणावी लागेल. जवळच भादलवाडीच्या तलावात बाभळींवर चित्रबलाक घरटी करतात. इंदापुरात तर तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर त्यांची वसाहत आहे. उजनीचं पाणी पाहायला येणारे लोक रोहित पक्ष्यांचे फोटो काढतात. ती मंडळी उथळ पाण्यात चरतात आणि निघून जातात. इथे संसार थाटणाऱ्या पक्ष्यांना मात्र झाड लागतं, आणि काटेरी झाड असेल तर उत्तम. आमच्या बाभळीवर सुगरणीची दोन रिकामी घरटी निघाली.

आता लाकडाचा हिशोब. बुंध्याचा घेर मोजला तर सव्वा मीटरच्या आत-बाहेर, सरळ खोड तीन मीटर. बाभळीचं लाकूड जड, वाळल्यावरही घनमीटरला साडेसातशे-आठशे किलो भरतं. म्हणजे खोडाचं वाळलेलं लाकूड झालं पावणेतीनशे किलोच्या आसपास. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी वापरण्याजोगी उष्णता असते आणि गॅसच्या एका किलोत जवळपास अकरा हजार. या हिशोबाने ते खोड १४.२ किलोच्या सहा सिलिंडरांइतकं भरलं. आतेभाऊ खूश झाला. पण तीन दगडांच्या किंवा मातीच्या साध्या चुलीत या उष्णतेतली १० ते १५ टक्केच भांड्याला लागते, बाकीची भिंती, हवा आणि धूर यांच्या वाट्याला जाते. गॅसच्या शेगडीवर ६० टक्क्यांच्या वर लागते. तो फरक धरला की अख्खं खोड दीड सिलिंडरावर येतं. फांद्या धरल्या तरी तीन. वर्षभराचं सरपण म्हणता म्हणता ते दोन-तीन महिन्यांचं निघालं. आतेभाऊ थोडा वेळ काही बोलला नाही.

तरीही ते वाया घालवायचं कारण नाही. फक्त ते ओलं जाळायचं नाही.

ताज्या लाकडात वजनाचा तिसरा ते निम्मा भाग पाणीच असतं. ते जाळताना आधी पाणी उकळून वाफ करावी लागते आणि एक किलो पाण्याला त्यासाठी सहाशे किलोकॅलरी लागतात. पण खरं नुकसान या वाया गेलेल्या उष्णतेचं नाही, ती फार मोठी नसते. पाणी उडत असेपर्यंत लाकडाचं तापमान शंभर अंशांच्या आसपास अडकून राहतं आणि जाळ थंड पडतो. तापलेल्या लाकडातून निघणारे वायू पेट घ्यायला त्यापेक्षा कितीतरी जास्त तापमान लागतं. ते मिळालं नाही की वायू न जळता बाहेर पडतात. आपण ज्याला धूर म्हणतो तो हाच, म्हणजे जळायचं राहून गेलेलं लाकूड. डोळ्यांत पाणी आणणारा धूर आणि बंबाच्या तळाला बसलेली काजळी हे दोन्ही आपणच आणलेलं आणि फुकट घालवलेलं जळण आहे.

म्हणून बाभूळ ओली असतानाच कापून आणि फोडून घ्यावी. वाळल्यावर तिचा गाभा इतका टणक होतो की पाचर आणि घणालाही दाद देत नाही. पूर्वी नांगर, कुळव आणि गाडीची चाकं तिची करत ते याच गुणामुळे. लाकडातलं पाणी सालीतून फारसं जात नाही, ते कापलेल्या टोकांतून कितीतरी पट लवकर जातं. त्यामुळे ओंडका लांब ठेवण्यापेक्षा हातभर लांबीचे तुकडे करून त्यांच्या मनगटाएवढ्या चिरफळ्या काढाव्यात. जमिनीपासून वीतभर उंच, दोन विटांवर फळ्या टाकून त्या रचाव्यात, मधे वारा जाईल अशा. वरून पत्रा, बाजू मोकळ्या. सगळीकडून ताडपत्री गुंडाळली तर आत बुरशी धरते. आणि ही रास घराच्या भिंतीला लावू नये. राशीत उंदीर येतात आणि उंदरांमागे नाग, घोणस. विंचू तर पहिल्या पावसालाच. अंधारात हात घालून लाकूड ओढायचं नाही, आधी काठीने हलवायचं. साप चावलाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यात वेळ न घालवता तो हात किंवा पाय न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठायचं. विषावरची लस तिथे असते.

लाकूड वाळलं हे ओळखायचे जुने आडाखे सगळ्यांना माहीत आहेत: टोकांना भेगा पडतात, साल सुटते, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणतात. मी आतेभावाला त्यापेक्षा पक्की युक्ती सांगितली. एका चिरफळीवर खडूने खूण केली आणि ती दर पंधरा दिवसांनी धान्याच्या काट्यावर ठेवायला लावली. मेअखेर ती ४ किलो २०० ग्रॅम भरली. पावसाळ्यात वजन रेंगाळलं, सप्टेंबरनंतर पुन्हा उतरलं आणि दिवाळीच्या सुमाराला ३ किलोच्या आत येऊन थांबलं. वजन थांबलं म्हणजे लाकूड हवेइतकं कोरडं झालं. एका तुकड्यातून सव्वा लिटर पाणी गेलं होतं. आत्या म्हणाली, "एवढं पाणी मी रोज फुंकणीने फुंकत होते."

फुंकणीने ती आणखीही काही आत घेत होती. चुलीच्या धुरातले अडीच मायक्रॉनहून लहान कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागापेक्षाही बारीक असतात. ते नाकात अडकत नाहीत, फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ठरवलेली या कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे आणि भारताची ६०. खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात चूल पेटली की आकडा शेकड्यांत जातो. घरातल्या अशा धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाल्याचा या संघटनेचा अंदाज आहे. त्यातली २ लाख ३७ हजारांहून अधिक पाच वर्षांखालची मुलं होती. बायकांना मोतीबिंदू लवकर होतो तो याच धुराने, आणि आईच्या मांडीवर चुलीपुढे बसणाऱ्या बाळाला न्यूमोनियाही.

सीओपीडी हा सिगारेट ओढणाऱ्यांचा रोग, हे वैद्यकाच्या पुस्तकांत अनेक वर्षं ठाम होतं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये साधं गणित मांडलं: जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी आणि लाकूड, गोवऱ्या, पाचट यांच्या धुरात असलेले सुमारे ३०० कोटी. मग जगात या रोगाचं सर्वांत मोठं कारण कोणतं असू शकेल? आत्याच्या पिढीच्या बायकांना दमा, 'वयाचा खोकला' किंवा 'थंडी बाधते' म्हणून वर्षानुवर्षं औषधं दिली गेली. जोरात फुंकर मारायची स्पायरोमेट्री ही पंधरा-वीस मिनिटांची तपासणी आहे, तीच केली गेली नाही. आकसलेल्या नलिका पूर्वीसारख्या होत नाहीत, पण धूर थांबला की पुढची घसरण मंदावते. श्वासातून घ्यायच्या औषधाने जिना चढण्याइतका दम येतो. चाळिशीपुढच्या, चुलीपुढे आयुष्य घालवलेल्या आणि दोन महिन्यांहून जास्त खोकणाऱ्या घरातल्या बाईची ही तपासणी करून घ्या, एवढं या लेखातून नक्की घ्या.

गॅस असताना चूल का, असं शहरातून विचारणं सोपं आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि दहा कोटींहून जास्त जोडण्या दिल्या गेल्या. पण जोडणी मिळणं आणि चूल विझणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चहा, भाजी गॅसवर, पाणी आणि भाकरी लाकडावर, अशी वाटणी घरोघर दिसते. सिलिंडर विकत घ्यावा लागतो, बाभूळ मात्र आपोआप पडते. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला, आपल्याकडे 'निर्धूर चूल' आली. तिचं धुराडं काजळीने भरलं की साफ कोण करणार, हे ठरलं नव्हतं. आत्याच्या घरातल्या अशा चुलीचं धुराडं आता परसातल्या नळाला पाइप म्हणून लावलेलं आहे.

आमच्या घरात तोड निघाली ती अशी. भाकरी गॅसवर. ती चुलीसारखी होत नाही हे आत्याचं म्हणणं मी मान्य केलं आहे. बंब राहिला, पण ओसरीवरून हलून परसात, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब गेला. तो पेटवायचं काम आतेभावाचं. वाळलेल्या, बारीक चिरफळ्या, एकावेळी तीन-चारच आणि खालून हवा मोकळी. जाळ पिवळा आणि धूर जवळजवळ नसलेला, इतकं साधलं की जमलं. बंबातले निखारे थंडीत घमेल्यात घालून खोलीत शेकायला आणायची पद्धत मात्र बंद केली. धूर नसलेले निखारेच जास्त धोक्याचे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतं. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं जागी होत नाहीत ती यामुळे.

राहिली नवी बाभूळ. पावणेतीनशे किलो लाकूड जळलं की जवळजवळ पाचशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लाकूड जाळणं निसर्गाच्या हिशोबात जमा-खर्च सारखं असं म्हणतात, पण त्यासाठी तेवढंच झाड पुन्हा वाढावं लागतं. त्याला पंधरा-वीस वर्षं लागतील. रोपवाटिकेतून पिशवीतलं रोप आणायला आतेभाऊ निघाला होता. मी अडवलं. बाभळीचं सोटमूळ पिशवीच्या तळाशी पोहोचलं की गोल वळतं आणि पुढे झाड मोठं झाल्यावर तो पीळ तसाच राहतो. वाऱ्यात पहिलं पडतं ते असलं झाड. बी जागेवर टोकलेलं बरं. बियांचं कवच कठीण, ते शेळीच्या पोटातून गेल्यावर मऊ होतं. शेळ्यांच्या वाड्यातून आत्याने ओंजळभर बिया वेचल्या. शेंगांतून काढलेलं बी असेल तर उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर तसंच ठेवावं.

जुन्या खड्ड्यात लावलं नाही, तिथे कुजणारी मुळं आहेत. पाइपलाइनपासून पंधरा फूट आत, तारेखाली येणार नाही अशा बेताने बांधावर सात जागा केल्या आणि प्रत्येकीत तीन बिया टाकल्या. दोन जागी रामकाठी बाभळीचं बी आहे. तिच्या फांद्या खराट्यासारख्या सरळ वर जातात, सावली पसरत नाही आणि उसाची तक्रार राहत नाही. तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन मातीत आणतात, हे वर. खाली पाचटाचं आच्छादन टाकलं, पावसाने ओढ दिली तर आठवड्याला बादलीभर पाणी. पडलेल्या बाभळीच्या काटेरी शिरड्या आम्ही जाळल्या नव्हत्या. त्यांचंच कुंपण सातही जागांभोवती घातलं.

दिवाळीत गेलो तेव्हा सातपैकी चार जागी गुडघ्याएवढी रोपं होती. आत्या दम खात, थांबत थांबत बांधापर्यंत आली होती, पूर्वी ओसरीवरून उठत नसे. चौथ्या रोपाच्या कुंपणातली एक मोठी फांदी गायब होती. आतेभाऊ म्हणतो शेळीने ओढली. आत्या म्हणते, बंबात सापडली.